हा तोच देवदत्त

आपल्या वेदान्तग्रंथांतून एक देवदत्त शतकानुशतके उभा आहे. त्याच्या बापाचे नाव कोणी सांगत नाही, त्याचे गाव, गोत्र, वतन, उपजीविका यांचा कोठे उल्लेख नाही. तो पूर्वी कोठेतरी दिसला होता आणि आज येथे दिसतो आहे, एवढेच त्याचे सारे चरित्र. परंतु त्याच्याकडे बोट दाखवून ‘हा तोच देवदत्त’ असे जे वाक्य आचार्य उच्चारतात, त्या तीन शब्दांच्या आधाराने त्यांनी जीव आणि ब्रह्म यांच्या ऐक्याचा केवढा मोठा सिद्धान्त उलगडून दाखवला आहे! ‘तो’ म्हणजे तेव्हाचा आणि तेथला, ‘हा’ म्हणजे आताचा आणि येथला. तेव्हा आणि आता, तेथे आणि येथे ही कधी एक होऊ शकत नाहीत. म्हणून वाक्याला अर्थ यावयाचा असेल, तर दोन्ही शब्दांतून काळाचा आणि स्थळाचा अंश टाकून द्यावा लागतो, आणि तो टाकल्यावर ज्याच्या ठायी दोन्ही शब्द येऊन मिळतात, तो देवदत्त. या रीतीला शास्त्रकारांनी भागत्यागलक्षणा असे नाव दिले. ओळखणे म्हणजे काहीतरी सोडून देणे, हा विचार मला नेहमीच फार खोल वाटत आला आहे.

हे वाक्य मी विद्यार्थिदशेत पाठ केले, पुढे वर्गात शिकवलेही. पण त्याचा भार मला कळला तो काही वर्षांपूर्वी, कृष्णाकाठच्या आमच्या गावी, रास्त भाव धान्याच्या दुकानात. फळीवर एक लहानसे यंत्र ठेवलेले होते, आणि त्याच्या काचेवर अंगठा टेकून गव्हातांदळाचा आपला महिन्याचा हिस्सा नेण्यासाठी बायामाणसांची रांग लागली होती. आमच्या आळीतल्या एका वृद्धेची पाळी आली. वयाची पंचाहत्तरी उलटलेली. सारा जन्म तिने दुसऱ्यांच्या शेतांत भांगलण केली, उसाचा पाला काढला, दुष्काळाच्या वर्षांत तलावाच्या कामावर दगडमाती वाहिली. तिने अंगठा टेकला, यंत्राने तो घेतला नाही. तिने तो पदराला पुसला, तेलाचा अंश लागावा म्हणून केसांवरून फिरवला आणि पुन्हा टेकला; मग तर्जनी, मग डाव्या हाताचा अंगठा. दुकानदार तिचा हात आपल्या हातात धरून एकेक बोट स्वतः दाबून पाहत होता. अखेर तो म्हणाला, ‘‘आत्या, मशीन अंगठा घेईना. उद्या परत येऊन बघ.’’ तिने अंगठा डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळला आणि म्हणाली, ‘‘अंगठा त्योच हाय की रं, बाळा. दुसरा कुठनं आणू?’’

त्या दुकानदाराला तिने लहानपणी कडेवर खेळवले होते. ही कोण, हा प्रश्न त्याच्या मनात क्षणभरही नव्हता आणि रांगेतल्या कोणाच्याही मनात नव्हता. तरीही ती रिकामी पिशवी घेऊन परतली. ‘हा तोच’ हे वाक्य तेथे उभ्या असलेल्या पंधरावीस माणसांना म्हणता येत होते, पण ते म्हणण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाही उरला नव्हता. तो ज्याच्याकडे सोपवला होता, त्याला ते म्हणता आले नाही.

यंत्राची बाजू मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात विस्मयकारक असे पुष्कळ आहे. बोटांच्या पेरांवर त्वचेचे जे सूक्ष्म उंचवटे असतात, ते आईच्या उदरात तिसऱ्याचौथ्या महिन्याच्या सुमारास उमटू लागतात आणि सहावा महिना संपण्यापूर्वी कायम होतात. त्यांची ठेवण केवळ बीजावर अवलंबून नसते. गर्भजलाचा दाब, बाळाची हालचाल, बोटाच्या वाढीची गती अशा कितीतरी आकस्मिक कारणांचा तिच्यात वाटा असतो, आणि म्हणूनच एकाच बीजातून झालेल्या जुळ्या भावंडांचेही ठसे सारखे निघत नाहीत. घरोघरच्या आज्या नातवंडांची बोटे उजेडाकडे धरून त्यांवरचे शंख आणि चक्रे मोजत आल्या. यंत्र त्याहून बारकाईने पाहते. रेषा कोठे संपते, कोठे तिला फाटा फुटतो, त्या बिंदूंचा परस्परांशी कोन आणि अंतर काय, याचा एक नकाशा ते तयार करते आणि तो अंकांच्या रूपाने जपून ठेवते. डोळ्याच्या बुबुळाचेही असेच. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी जी रीत सिद्ध केली, तिच्यात बुबुळावरील तंतूंची रचना शून्य आणि एक अशा २०४८ चिन्हांत लिहिली जाते. आपल्या आधार योजनेत दहा बोटे, दोन बुबुळे आणि चेहऱ्याचे छायाचित्र एवढे घेऊन माणसाला बारा अंकी क्रमांक दिला जातो. नोंदणीच्या वेळी ‘हा आधीच कोणी नोंदलेला आहे काय’ असा शोध साऱ्या संग्रहातून घेतला जातो, आणि दुकानातले यंत्र ‘हा जो म्हणतो तोच आहे काय’ एवढीच पडताळणी करते.

पण या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापाशी तत्त्वचिंतकाने थांबलेच पाहिजे. एकाच अंगठ्याचे दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे उमटत नाहीत. दाब बदलतो, घाम असतो वा नसतो, कातडी ताणली जाते. म्हणून यंत्र सारखेपणाचे केवळ माप काढते, आणि ते माप माणसांनी आधी ठरवून दिलेल्या उंबरठ्यापलीकडे गेले, तर ‘होय’ म्हणते. उंबरठा उंच करावा तर खरा माणूस बाहेर राहतो, खाली आणावा तर तोतया आत शिरतो. दोन्ही भये एकदम नाहीशी करील असा उंबरठा अजून कोणाला बांधता आलेला नाही. इतकेच नव्हे, तर पूर्वीच्या ठशाशी शंभर टक्के जुळणारा ठसा समोर आला, तर जाणकारांना त्याचाच संशय येतो, कारण जिवंत बोट इतके बिनचूक नसते; तशी बिनचूक असते ती चोरलेली नक्कल.

येथे नैयायिक आणि बौद्ध यांचा जुना वाद डोळ्यांपुढे उभा राहतो. जे मी डोळ्यांनी पाहिले तेच मी आता हाताने स्पर्शितो आहे, ही जी प्रत्यभिज्ञा, म्हणजे पूर्वी अनुभवलेल्याची आज पटलेली ओळख, ती दोन्ही अनुभवांना सांधणारा एक टिकाऊ आत्मा मानल्यावाचून संभवत नाही, असा नैयायिकांचा आग्रह. बौद्धांनी उत्तर दिले की ओळख पटली एवढ्यावरून वस्तू तीच ठरत नाही. कापून पुन्हा वाढलेली नखे पाहून आपण ‘तीच ही नखे’ म्हणतो, आणि सांजेला लावलेल्या दिव्याची पहाटेची ज्योत पाहून ‘तीच ही ज्योत’ म्हणतो, पण ज्योत क्षणाक्षणाला नवी होत असते. नागसेन भिक्षूने राजा मिलिंदाला हाच दिवा दाखवला होता. अंगठ्याची कातडीही तशीच झडत असते, महिन्यादीड महिन्यात तिचा वरचा थर सारा नवा होतो. टिकतो तो खालच्या थरातला साचा. अंगठ्यावरची रेषा म्हणजे मंद गतीने जळणारी एक ज्योतच आहे. आणि यंत्र ‘सारखे आहे’ यापलीकडे एक शब्दही बोलत नाही. सादृश्यापासून तादात्म्यापर्यंतची उडी आपण घेतो, आणि ती यंत्राच्या नावावर मांडतो.

त्याहून अधिक शोचनीय चूक उलट्या दिशेने होते. सारखेपणा दिसला नाही, म्हणून माणूस तो नव्हे, असे अनुमान आपण काढतो. मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याला एक कडक अट घातली: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हे तिच्या नसण्याचे प्रमाण. भर दुपारी अंगणात घट दिसला नाही तर घट नाही. काळोख्या खोलीत दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. झिजलेला अंगठा ही काळोखी खोली आहे. तिथे रेषा सापडली नाही यावरून एवढेच कळते की तिथे उजेड नाही. आणि या एवढ्या आधारावर एका वृद्धेचे महिन्याचे धान्य अडले, हे आपल्या तर्कपरंपरेतल्या कोणत्याही शिष्याला मान्य होण्यासारखे नाही.

ओळख पटवण्याची राज्याला खरोखरच निकड असते, हे मी नाकारीत नाही. आपणां मराठी माणसांना तर ते नाकारताच येणार नाही. पानिपतच्या रणात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. शिर नसलेले त्यांचे कलेवर अंगावरच्या जुन्या जखमेच्या वणासारख्या खुणांवरून ओळखल्याचे काशीराज पंडिताच्या वृत्तान्तात आहे. तरीही लोकांच्या मनातली शंका फिटली नाही, आणि त्या शंकेच्या फटीतून एक तोतया आत शिरला. ‘मी भाऊ’ म्हणून त्याने कोकणात किल्ले घेतले, माणसे गोळा केली, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन होईपर्यंत दरबाराची झोप उडवली. अशा प्रसंगी देहावरची एखादी निर्विवाद खूण हाती असती, तर कितीतरी अनर्थ टळला असता.

पण खुणेचा इतिहास निकडीइतकाच अविश्वासाचाही आहे. बोटांच्या ठशांचा राज्यकारभारातला आधुनिक उपयोग सुरू झाला तो आपल्याच देशात, बंगालमधील जंगीपूर येथे, १८५८ सालच्या जुलैत. विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा मक्ता राज्यधर कोनाई या इसमाला दिला. कोनाईने करारनामा स्वतःच्या हाताने बंगालीत लिहून दिला होता, म्हणजे तो निरक्षर नव्हता. तरी हर्शेलने सरकारी शिक्क्याची तेलकट शाई त्याच्या तळहाताला फासून हाताचा छाप कागदावर उमटवून घेतला, आणि पुढे स्वतःच प्रांजळपणे लिहिले की सही नाकारण्याचा विचारही याच्या मनात येऊ नये अशी दहशत बसवणे हा आपला हेतू होता. सत्तावनच्या उठावाला जेमतेम वर्ष झालेले. राजा आणि रयत यांच्यामधला शब्दावरचा विश्वास जळून गेला होता. पुढे १८७७ साली हुगळीला त्याच हर्शेलने पेन्शनीच्या आणि दस्तऐवजांच्या नोंदणीत हा शिरस्ता घातला. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचे कार्यालय झाले, आणि १०२४ खणांत ठसे लावण्याची जी पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने १९०१ साली लंडनला गेली, तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अधिकाऱ्यांची गणिती बुद्धी होती. याच ठशांत फ्रान्सिस गाल्टन माणसाचा वंश आणि त्याची योग्यता शोधू पाहत होता. १८९२ सालच्या ग्रंथात त्याला कबूल करावे लागले की ती आशा फोल ठरली. रेषांनी त्याला फक्त माणूस दाखवला, वंश दाखवला नाही. मला हा त्या रेषांचा मोठेपणा वाटतो.

याच्या कितीतरी आधी मराठी मुलखात दुसरी एक चाल होती. जुन्या महजरांच्या आणि निवाडपत्रांच्या शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या असतात. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या व्यवसायाचे साधन काढी. पाटलाच्या नावापुढे नांगर, बलुतेदारांच्या नावांपुढे आपापली हत्यारे. त्या वाकड्यातिकड्या नांगरात मला नेहमी एक गंभीर अर्थ दिसतो. मी कोण, या प्रश्नाला तो निरक्षर कुणबी उत्तर देई की मी जे करतो तो मी. पुढे इंग्रजी अमदानीत नांगर गेला आणि ‘निशाणी डावा अंगठा’ आली. करणाऱ्याची खूण गेली, देहाची खूण उरली. आणि आता त्या देहाच्या खुणेवरही नांगराचा, खुरप्याचा, चुनखडीचा, विटांचा परिणाम झालेला आपण पाहतो. ज्या कामाच्या जोरावर पूर्वी माणूस आपली ओळख सांगत होता, त्याच कामाने त्याच्या बोटांवरची ओळख पुसून टाकली आहे. जो आयुष्यभर कमी राबला त्याचे ठसे स्वच्छ उमटतात, आणि जिने गावाला पोसले तिचा अंगठा यंत्राला दिसत नाही.

ठसा देण्यातही दोन जाती आहेत, हे महात्माजींच्या ट्रान्सवालमधील चरित्रावरून जसे कळते, तसे दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. तेथील हिंदी लोकांनी दहाही बोटांचे ठसे देऊन परवाने बाळगावेत, असा कायदा होऊ घातला, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या नाट्यगृहात भरलेल्या सभेने ईश्वराला स्मरून त्याला विरोध करण्याची शपथ घेतली. परंतु १९०८च्या जानेवारीअखेर ट्रान्सवालचे मंत्री स्मट्स यांच्याशी समझोता झाला, सक्ती उठेल असे वचन मिळाले, आणि गांधीजी स्वेच्छेने ठसे द्यावयास निघाले. लोकांना हे कोडे उलगडेना. काल जे पाप होते ते आज पुण्य कसे? गांधीजींचे उत्तर होते की ठशात अपमान नाही, तो सक्तीत आहे. जो हात कोणी पिरगाळून पुढे ओढतो तो गुलामाचा, आणि जो आपण होऊन पुढे करतो तो सभ्य गृहस्थाचा. १० फेब्रुवारीला नोंदणी कचेरीच्या वाटेवर, या समझोत्याने चिडलेल्या मीर आलम या पठाणाने त्यांना बेशुद्ध होईपर्यंत मारले; आणि शुद्धीवर येताच, डोक रेव्हरंडांच्या घरी, जखमा बांधलेल्या स्थितीत त्यांनी निबंधकाला बोलावून आधी आपल्या बोटांचे ठसे दिले. पुढे वचन मोडले गेले, तेव्हा त्याच वर्षी १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक परवाने जाळण्यात आले. तीच बोटे, तीच शाई, तोच कागद. एकदा नकार, एकदा दान, एकदा होम. ठशात माणूस असतो तो या तीन क्रियांमध्ये, आणि त्यांतली एकही कोणत्याही काचेवर उमटत नाही.

कोणी वेदान्ती येथे मला अडवील. तो म्हणेल, तू देह नाहीस, मन नाहीस, असे श्रुती सांगत असता देहाचा ठसा कोणी घेतला काय आणि नाकारला काय, त्यात तुझे काय गेले? गीतेने देहाला क्षेत्र म्हटले आणि जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. शेताची मोजणी झाली म्हणून शेतकरी मोजला जात नाही. हा आक्षेप मोठा आहे, आणि आपल्यापुरता तो प्रत्येकाने पचवावाच. कोणी माझे बुबुळ अंकांत लिहून ठेवले, तर माझ्यातला पाहणारा त्या अंकांत सापडणार नाही, याविषयी मी निःशंक आहे. पण दुसऱ्याच्या भुकेला हे उत्तर देता येत नाही. तैत्तिरीय उपनिषदाने ज्या पाच कोशांतून आत्म्यापर्यंतची वाट दाखवली, त्यांतला पहिलाच अन्नमय आहे. अन्नाला ओलांडून नव्हे, अन्नातून पुढे जायचे आहे. ज्या देहाला अन्न मिळावे म्हणून त्या देहाची ओळख मागितली जाते, त्याला ओळखीअभावी अन्न नाकारणे, आणि वर त्याला देहाच्या मिथ्यात्वाचा उपदेश करणे, हे शास्त्राचे वचन राहत नाही. तो शास्त्राचा द्रोह होतो.

मग खरी ओळख कशी असते? महाभारताच्या वनपर्वात नलदमयंतीची कथा आहे, आणि तिच्यात ओळख दोनदा पटते. स्वयंवराच्या मंडपात दमयंतीपुढे एक नव्हे, पाच नल उभे राहिले. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांनी नलाचे रूप घेतले होते. चेहरा तोच, उंची तीच, डोळे तेच. कोणतेही यंत्र तेथे पाचही वेळा ‘होय’ म्हणाले असते. दमयंतीने आपल्या सत्याला साक्षी ठेवून देवांची करुणा भाकली, आणि मग तिला दिसले की चौघांच्या पापण्या लवत नाहीत, अंगावर घाम नाही, धूळ नाही, माळा कोमेजत नाहीत, पाय भूमीला टेकलेले नाहीत. आणि पाचव्याची सावली पडते आहे, त्याच्या गळ्यातली फुले सुकू लागली आहेत, त्याला घाम आला आहे. तिने त्याच्या गळ्यात माळ घातली. आज चेहरा ओळखणारी यंत्रे समोर जिवंत माणूस आहे की चित्र, हे पाहण्यासाठी पापणी लवते का ते तपासतात. पण दमयंतीच्या निवडीचे मर्म परीक्षेच्या चातुर्यात नाही. निर्दोष अशा चार प्रती सोडून, जो थकतो, मळतो, ज्याची फुले वाळतात, त्या मर्त्याला तिने आपला म्हटले. थकणे आणि झिजणे हीच तिच्या लेखी माणसाची खूण होती.

दुसरी ओळख अधिक कठीण. पुढे दोघांची ताटातूट झाली असता कर्कोटक नागाच्या दंशाने नलाचा देह पालटला. आखूड बाहूंचा, विरूप असा बाहुक नावाचा सारथी होऊन तो ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहिला. देहावर एकही खूण उरली नव्हती. दमयंतीने दासीला पाठवून त्याचे वागणे न्याहाळले, त्याने शिजवलेले मांस मागवून त्याची चव घेतली, आणि अखेर मुलांना त्याच्याकडे पाठवले. त्यांना उराशी धरून तो परका सारथी रडू लागला. जे पहिल्या वेळी देहाने सांगितले, ते दुसऱ्या वेळी हाताच्या चवीने आणि डोळ्यांतल्या पाण्याने सांगितले. आणि दोन्ही वेळी ओळखणारी तीच होती. ओळखायचेच, या निश्चयाने ती बसली होती. दुकानाच्या फळीपलीकडे मला उणीव जाणवली ती या निश्चयाची. तो दुकानदार दुष्ट नव्हता. त्याला ओळख होती, पण ओळख देण्याचे काम आता आपले नाही, असे त्याला शिकवले गेले होते. आणि जे काम आपले नाही असे माणसाला एकदा वाटू लागते, ते करण्याची त्याची शक्तीही हळूहळू क्षीण होते.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात. ज्यांच्यापाशी जन्माचा, शाळेचा, जमिनीचा कसलाही दाखला नाही, त्यांना राज्याने आपण होऊन ओळख द्यावी, या हेतूत जे औदार्य होते त्याला मी वंदन करतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ही योजना मुख्यतः वैध ठरवली. पण माणसाची प्रतिष्ठा आणि त्याचे हक्क संभाव्यतेच्या गणितावर टांगून ठेवता येत नाहीत, हा एकट्या न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या भिन्नमतपत्रातला विचार मला त्या साऱ्या निवाड्याचे हृदय वाटतो. अंगठा जुळला नाही तरी दुसऱ्या रीतीने खात्री करून धान्य द्यावे, अशी तजवीज नियमांत आहे. ती कागदावरून फळीपर्यंत यायला कोणीतरी माणूस लागतो, आणि त्याने आपल्या सहीची जोखीम उचलावी लागते.

देहावरून माणूस ठरवण्याची विद्या आपण यंत्राकडून शिकलो, असे मात्र कोणी समजू नये. १८७१च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ साली त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारने घेतला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणात त्या माणसांनी वर्षानुवर्षे हजेरी दिली. आणि त्या कायद्याच्याही आधी शेकडो वर्षे, कोणतीही काच, कोणतीही शाई नसता, आपण कोणाला देवळात घ्यावे आणि कोणाला महाद्वाराबाहेर उभे करावे, हे त्याच्या देहाच्या जन्मावरून ठरवीतच होतो. पंढरपूरचे ते दार साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात प्राण पणाला लावल्यावर उघडले. चोखामेळा त्या दाराबाहेर आयुष्यभर उभा राहिला होता.

त्याच्या मृत्यूची कथा वारकऱ्यांत सर्वांना ठाऊक आहे. मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर वेठीने माणसे लावली होती. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गाडला गेला. नामदेव त्याच्या अस्थी आणण्यासाठी पंढरपुराहून गेले, तोवर पुष्कळ दिवस लोटले होते. ढिगाऱ्याखाली जे सापडत होते, त्यात कोणाचे काय हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते. दगडांनी चेहऱ्यांचा, वयांचा, जातींचा भेद ठेवला नव्हता, बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या. ज्या अस्थीतून विठ्ठलाचे नाव ऐकू येईल ती चोख्याची, एवढेच नामदेवांना सांगितले गेले होते. त्या अस्थी त्यांनी पंढरीस आणल्या, आणि ज्या महाद्वाराशी तो अडवला गेला होता तेथेच, नामदेव पायरीसमोर, त्याची समाधी झाली.

ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माध्यान्हीचे ऊन आहे, पडलेल्या कुसाच्या मातीत एक शिंपी बसला आहे, एकेक अस्थी दोन्ही हातांनी उचलून कानाशी नेतो आहे आणि श्वास रोखून ऐकतो आहे. आणि जी मुकी निघते, ती कोणाची तरी आहे हे जाणून, तितक्याच हळुवारपणे आपल्या उपरण्यावर ठेवतो आहे.